काजळीची कावीळ

मंगळवार, ४ तारीख
आज सलग तिसरा दिवस— काजळीने ताटलीला तोंड लावलं नाही. कानांच्या आतली कातडी पिवळी. मांजराला कावीळ!

बुधवार, ५
दवाखाना. डॉक्टर पोरसवदा, पण हात हलका. यकृत सुजलंय म्हणाले. पहिला प्रश्न— "पाली खाते का?" पालीतून म्हणे चपटे जंत पोटात जातात आणि पित्ताची नळी अडवून बसतात. मी दिवसभर ग्रंथालयात. घरी असते धाकटी. तिच्याकडे पाहिलं. "छे! आमच्याकडे पालच नाही." मीही ठणकावलं, "माझी बहीण खोटं बोलत नाही." सलाईन, यकृताचं औषध, घरी.

शनिवार, ८
उतार नाही. दोनदा उलटी.

रविवार, ९
न्हाणीघर घासायला घेतलं, तर जाळीत पालीची शेपटी. बादलीमागे अर्धी पाल!

धाकटीला विचारलं. आधी "मला काय माहीत," मग रडारड. तिचा नवरा वारल्यावर, दोन महिन्यांपूर्वी, मीच तिला इथे आणलं. पालीची भीती लहानपणापासूनची. पाल दिसली की काजळीला न्हाणीघरात सोडायची आणि बाहेरून कडी! "तुला सांगितलं असतं तर हसली असतीस, ताई."

हसले असते. म्हणून डॉक्टरांच्या तोंडावर खोटं? चार दिवस भलतंच औषध गेलं त्या जिवाला. आणि हमी दिली कोणी, तर मी!

सोमवार, १०
विष्ठेत जंतांची अंडी सापडली. जंताचं औषध सुरू. डॉक्टरांच्या नजरेला नजर देववेना.

धाकटीला म्हटलं, बॅग भर, तुझ्या लेकाकडे जा. तिने भरली. निघताना काजळीवरून हात फिरवायला वाकली. मी टोपली उचलून आत नेली.

गुरुवार, १३
घर शांत. बरं वाटतंय.

नाही वाटत.

शनिवार, १५
सोनोग्राफी. पित्ताच्या नळ्या जाडजूड, वेड्यावाकड्या. "हे दोन महिन्यांचं दुखणं नाही, मॅडम. तीन वर्षं तरी मुरलंय."

तीन वर्षांपूर्वी या घरात काजळी आणि मी, दोघीच होतो.

फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत धाकटी— "ताई, खाल्लं का तिनं काही?"