कार्डाची मागची बाजू

आष्टा

प्रिय मधुकर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी धास्ती आहे. नऊ वर्षं झाली. फोन लावायचा धीर होत नाही. गड्या, एवढं शेवटपर्यंत वाच, मग काय ते ठरव.

तू साताऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवणारा, मी सातवीतून उठून छापखान्यात खिळे जुळवणारा, आणि आपण निघालो होतो आपल्या बोलीचा कोश करायला! जुन्या लग्नपत्रिका कापायच्या, कोऱ्या पाठीवर एकेक शब्द लिहायचा. अ ते ध माझ्या पेटीत, न ते ह तुझ्या. शब्दापुढे 'ना.' लिहायचं की 'वि.', यावर आपली किती चहाची भांडी रिकामी झाली! मी म्हणायचो, 'गूळ बाजार' यात गूळ बाजाराबद्दल सांगतो, म्हणजे विशेषणच की. तू म्हणायचास, पाहुणा ओसरीवर बसला म्हणून घरमालक होत नाही. नामाआधी बसलं तरी नाम ते नामच, कोशात त्याला वेगळी नोंद नाही. पटेना. शेवटी तू तोड काढलीस: शब्दाआधी 'लय' लावायचं आणि आमच्या चंद्राला ऐकवायचं. 'लय गोड ऊस' म्हटलं की ती चुलीकडून मान हलवायची. 'लय गूळ बाजार' म्हटलं की पदर तोंडाला लावून हसायची, "आवं, शिकल्यालं मानूस न्हवं तुमी? असं कोन बोलतंय व्हय?" हसली की 'ना.', मान हलली की 'वि.'. फक्त 'लय वाघ माणूस'ला ती ना हसली ना मान हलवली. "थांबा भावजी, इचार करून सांगते," म्हणाली. तू त्या कार्डावर प्रश्नचिन्ह काढून ते तुझ्या पेटीत टाकलंस.

आता जे कधी लिहिलं नाही ते लिहितो. त्या वैशाखात चंद्रा महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. घरी आलेल्या पत्रिका तीच फोडायची, वाचायची, कुठं जायचं ते सांगायची. मी न वाचताच सगळा गठ्ठा कात्रीखाली घातला, चौकोन केले, शब्द लिहिले आणि तुझ्या अक्षरांची कार्डं तुला पाठवून दिली. आठवड्याने त्यातलं एक कार्ड परत आलं. सोबत तुझी एकच ओळ: मागची बाजू वाच. उलटलं, तर 'चि. सौ. कां. अबो' एवढंच, पुढचं कात्रीने गेलेलं. मी खांद्यावर बसवून कृष्णेचा घाट दाखवलेली तुझी लेक अबोली! तिचं लग्न होऊन चार दिवस झाले होते. चंद्रानं परत आल्यावर ते कार्ड बघितलं. "जावा, पाय धरा त्यांचं," म्हणाली. कोणतं तोंड घेऊन येणार होतो? लाज एवढी वाटली की लाजेचाच मग हट्ट झाला. चूक माझी होती, मधुकर. सगळी माझी.

आज लिहायचं कारण चंद्रा आहे. होळीनंतर तिला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. आपलं बोलणं तिला कितपत कळतंय, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. सहा महिने ती आढ्याकडं बघून होती. परवा मी आपली पेटी काढली आणि सहज मोठ्यानं म्हटलं, लय गूळ बाजार. ती हसली रे! 'लय गोड' म्हटलं, तर हसली नाही, मान हलवली. 'लय ऊस ट्रॉली'ला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एकदाही चुकली नाही. म्हणजे आत सगळं शाबूत आहे, गड्या! अ ते ध तीनदा वाचून झालं. काल रिकामी पेटी बघून तिनं डावा हात पालथा केला, संपली का, असं विचारल्यासारखा. बाकीची कार्डं तुझ्याकडं आहेत. मला माफ करायचं की नाही ते सावकाश बघ, पण तू ये, पेटी घेऊन ये. आणि ते वाघाचं कार्ड वर ठेव. इचार करून सांगते म्हणाली होती ती तुला.

तुझाच,
जोतिबा