शाळेच्या तीन पायऱ्या

सुमेधाचे बाबा,

सुमेधाला घेऊन शाळेत नाव घालायला चालले. तुम्हाला विचारलं न्हाई, रागावू नका.

लातूर जिल्हा झाल्यावर सरकारातनं सुमेधाला मिळालेली चाकाची खुर्ची, लोक हसतील म्हणून तुम्ही घराबाहेर काढू दिली न्हाई. पण आज सकाळी टँकर आला, तवा पोरगी म्हणली, "आई, मलाबी ने." मी नेली. तिनं मांडीवर घागर धरून पाणी आणलं. कुणी हसलं न्हाई. बाया रांगेत पुढं जा म्हणल्या, तर ही म्हणती, "माझा नंबर येऊ द्या की." तिला इतक्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

भाकरी टोपल्यात झाकली हाय. जेवून शाळेकडं या. तिथं तीन पायऱ्या हायत, अन् माझ्या एकटीच्यानं खुर्ची उचलायची न्हाई.

पंचशीला