तबकावरची तीन पाखरं

शुवैख, कुवेत
४ मार्च १९६१

नाना, अस्सलाम अलैकुम.

मी ज्यांच्या घरी काम करते त्या केल्वेसाहेबांचं कूळ घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या लंडनच्या कचेरीला शोधता आलं नाही, असं मी मागे लिहिलं होतं. चूक कचेरीची नव्हती, माझी होती.

साहेबांच्या तीन पिढ्या हिंदुस्थानात गेल्या. विलायतेतलं मूळ घर शोधायला खूण एकच, चांदीच्या तबकावरचं घराण्याचं चिन्ह. त्यांची नजर अधू, म्हणून नक्कल मी काढली. तबकावर तीन पाखरं होती. जिवाचं चित्र काढू नये, हे तुम्हीच शिकवलेलं. माझा हात धजेना. पाखरांच्या जागी मी झाडाची तीन पानं काढली, साहेबांपासून ते लपवलं, आणि तीच नक्कल लंडनला गेली.

हे चिन्ह तुमच्या घराण्याचं नाही, असं उत्तर आलं. साहेब हसले. "ताहिरा, आम्ही तर बेवारस निघालो! आता या तबकात खजूर ठेव." मग बराच वेळ झिजलेल्या चिन्हावरून बोट फिरवत राहिले. मी मान खाली घालून खजूर निवडले.

हे पत्र मी पाठवणार नाही. माझ्या भित्रेपणाचा दोष तुमच्या शिकवणीला नको.

साहेबांची बोट बुधवारी सुटते. मंगळवारी, ७ मार्चला, तबक रिकामं करून मी त्यांना पाखरांचं खरं सांगणार आहे.

तुमची,
ताहिरा