डागी आंब्याचं गिऱ्हाईक

मुलुंड, रविवार, फेब्रुवारीअखेर

गावाहून आलेला पहिला हापूस आज सकाळी देवापुढे ठेवण्याआधी मी दोन-तीन पाण्यांनी धुतला. शैला स्वयंपाकघरातून म्हणाली, "देवाला धुऊन देता, आणि बिल्डिंगवाल्यांना तशीच पेटी?" थट्टाच होती बायकोची. पण पूजेत लक्ष लागलं नाही.

गावची कलमं धाकटा भाऊ नंदू बघतो, आंबे मी इथे खपवतो. परवा मागाहून आलेल्या मोहोरावर औषध मारताना तो चक्कर येऊन पडला. उलट्या झाल्या. आणि त्या विषाला आम्ही औषध म्हणतो. का म्हणतो?

दुपारी फोनवर त्याला म्हटलं, "ते औषध बंद कर. निंबोळी तेल फवार, चिकट सापळे लाव."

"आनि डाग पडलेलो आंबो तुझ्या मुंबैत कोन खातलो, दादा?"

त्याचं खरं होतं. पेटी उघडली की इथे आधी साल बघतात.

संध्याकाळी स्वतःच जिने चढलो. दारोदार सांगितलं, यंदा आंबा कमी येईल, डागी असेल, पण औषधाचा नसेल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गोड हसून म्हणाल्या, "मग यंदा आमचं राहू दे हं." बाकी बहुतेकांचंही तेच. एक-दोघं हो म्हणाले, तेही भिडेखातर असावं.

नंदूचं वर्ष कसं निघेल? देवाला विचारलं. 

शेवटी नंदूला फोन करून सांगून टाकलं, औषध मारलेल्या आंब्यांची एकही पेटी यंदा मी विकणार नाही.  फोन चालूच होता. त्याचा खोकला ऐकू येत होता.