बिनपंखी भुंगेऱ्याचं नाव

प्रिय लुडोविको,

हे पत्र मी टाकणार नाही, तरी लिहिते. आपल्या शोधाला आपलंच नाव द्यायला भुंगेरेवाल्यांना लाज वाटते, म्हणून आपलं ठरलं होतं: ज्याला आधी नवा भुंगेरा सापडेल, त्याने दुसऱ्याचं नाव द्यायचं. मग तू नोकरीला खाली तुरिन शहरात गेलास आणि तिथलाच झालास.

मला सापडला रे! आपल्याच खिंडीत, वितळत्या बर्फाच्या कडेला, दगडाखाली. काळाभोर, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा. सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. असा दुसरा कुठेच नाही.

नाव मी आईचं दिलं. ती चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती. म्हणाली, "जन्मभर दगड उलथलेस, आणि माझ्या नावाचा किडा? अगं, एखादं फुलपाखरू तरी बघायचंस!" दुसऱ्या दिवशी पाववाल्याकडे सगळ्यांना सांगून आली.

रागावू नकोस. वर्णन लिहायला बसले तेव्हा मनात तुझंच नाव होतं. पण याला पंखच नाहीत. हा डोंगर सोडून तो कधी कुठे गेलाच नाही. त्याला तुझं नाव कसं शोभलं असतं?

मी मजेत आहे.

अजून इथलीच,
एर्मेलिंडा