चिमणीच्या पावलांचं माप

११ नोव्हेंबर

चिमणीचा पुढचा पाय आजही फार लांब पडला. चेंडू यायच्या आधीच सगळा भार पुढे — मग बॅटला जोर कुठून येणार? माझ्याकडे शिकणारी अकरा वर्षांची पोर, नजर घारीसारखी. शनिवारी जिल्ह्याच्या बेसबॉल संघाची निवड आहे. तिला संघात बसवणारच. माझी निवड होती त्याच दिवशी कॉलेजचा शेवटचा पेपर होता, निवडीला गेलेच नाही. घरातली पहिली पदवी — पेपर बुडवायची टाप होती का माझी?

१२ नोव्हेंबर

बाबांच्या सुतारकामाच्या खोलीतून जुनी रबरी चटई आणली. पांढऱ्या रंगाने तिच्यावर पावलं काढली — उभं राहायची दोन, पुढे टाकायचं एक. शिवाय घोट्यांना बांधायला आईच्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक, म्हणजे पाय फार लांब जाणार नाही. आई म्हणाली, "खेळायला शिकवतेस की पोरींचे पाय बांधतेस?" बाबा म्हणाले, "पदवीधर झाली, आता चटया रंगवते." पण कडा त्यांनीच सरळ कापून दिल्या.

संध्याकाळी रंग वाळला का बघायला चटईवर उभी राहिले. हातात बॅट नव्हती. तरी कंबर फिरली. बराच वेळ उतरवेना.

१३ नोव्हेंबर

चटईवर चिमणी तोल जाऊन पडली. दोनदा. आमच्या मैदानाचे मोठे सर वाकून बघत राहिले. "अगं, हे माप कुणाच्या पायाचं?"

माझ्या. पाय लांब पडतो म्हणून कपाळ बडवत होते, आणि आणखी लांब आखून ठेवला. लाजेने मेले. तिला उभी करून खडूने नव्याने आखलं. वीतभर आखूड.

१४ नोव्हेंबर

जमलं! पाय हलकेच टेकला, मग कंबर, मग हात. चेंडू थेट कुंपणावर. मी नाचले. चिमणी खाली बसून इलॅस्टिक सोडत होती.

"ताई, रागावणार नाही ना? मला फटके मारायला नाही आवडत. मला चेंडू टाकायचाय."

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही किती खूश होता."

१५ नोव्हेंबर

सकाळीच जाऊन तिचं नाव चेंडू टाकणाऱ्यांच्या रांगेत घातलं. चौघींनाच घेतलं, ही पाचवी, हुकली. तरी घरी जाईपर्यंत खुशीत बडबडत होती. इतके दिवस मी कुणाला उभं करत होते त्या चटईवर?

१६ नोव्हेंबर

महिला संघाच्या चाचणीचा फॉर्म आणला. अट पंचविशीच्या आतली — मला चार महिने उरलेत. भरत बसले होते. आईने डोकावून विचारलं, "कोणत्या पोरीचा हा?"

म्हटलं, "तुझ्या."