जाळलेलं कार्ड

८ जानेवारी
आज कॅनडाचा फॉर्म भरला. म्हणजे ह्यांनी भरला, मी समोर बसून मटार सोलत होते. एकेक प्रश्न मोठ्यांदा वाचायचा आणि माझ्याकडे न बघताच टिक करायची. मधुमेह? नाही. हृदयविकार? नाही. कधी तुरुंगात? "अजून तरी नाही," म्हणून स्वतःच हसले. ऋचाही हसली. मग, "स्वतःला किंवा घरात कुणाला कधी क्षयरोग?" नाही. टिक. पुढचा प्रश्न.
ऋचा म्हणाली, "आई, दाणे सालांत टाकतेयस."
झाला होता. टीबी. मला. सतराव्या वर्षी, लग्नाच्या चार वर्षं आधी. ह्यांना माहीत नाही. सव्वीस वर्षांत हा शब्द पहिल्यांदा लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलंय ते त्यामुळेच.

९ जानेवारी
वही साबुदाण्याच्या डब्यामागे. तिथे उपवासाशिवाय कुणी हात घालत नाही, आणि आमच्याकडे उपवास मीच करते.
पवनेकडची जमीन विकली ती यासाठीच. तिकडे कुठल्याशा लहान गावातल्या मोटेलात भागीदारी घ्यायची, दोन वर्षं स्वतः राहून ते चालवून दाखवायचं, मग तिघांना पीआर. म्हणजे कायमचं राहायची परवानगी. ह्यांनी भिंतीवर नकाशा लावलाय. गावाला लाल टाचणी. "ऋचाचं पुढचं कॉलेज तिकडेच. आपण इथे पाहुण्यांना बंगला भाड्याने देऊन त्यांच्या चादरी धुण्यात जन्म घालवला, पोरीनं घालवायचा नाही." इतक्या आनंदात यांना ऋचा झाली तेव्हाच पाहिलं होतं.
या महिन्याच्या शेवटी तिघांची वैद्यकीय तपासणी. मुंबईला, त्यांनी ठरवून दिलेल्या दवाखान्यात. छातीचा एक्सरे.
एक्सरे!

१२ जानेवारी
वडगावला मावशीकडे जाऊन आले. घरी सांगितलं, मावशीचे गुडघे. पुण्याची लोकल पकडली, अर्ध्या तासात पोचले, आणि दारात पाच मिनिटं उभी राहिले.
बारावीत खोकला थांबेना तेव्हा आईने मला तिच्याकडेच ठेवलं होतं. सहा महिने गोळ्या. लोकांना सांगितलं, अभ्यासाला ठेवलीय. मावशी रोज समोर बसून गिळायला लावायची आणि कार्डावर फुली मारून घ्यायची. शेवटी डॉक्टरांनी त्याच कार्डावर "बरी झाली" असं लिहून शिक्का दिला. तो शिक्का माझ्या डोळ्यांसमोर आहे.
म्हटलं, मावशे, ते कार्ड दे.
"कंचं कार्ड?"
"गोळ्यांचं."
ती भाजी निवडत होती. "जाळलं की. तुजी सुपारी फुटली त्याच दिशी. चुलीत घातलं."
"का गं?"
"का म्हनजे? त्यांची मानसं येनार घरात, कुनाच्या हाताला लागलं असतं म्हंजी? तुज्या आयशीनंच सांगितलं. बोलायचं न्हाई, ठिवायचं न्हाई." मग म्हणाली, "चांगलं झालं न्हवं तुजं? मंग."
चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. म्हणूनच तर भीती.
येताना त्या जुन्या दवाखान्यात विचारलं. इतकी जुनी रजिस्टरं ठेवत नाहीत म्हणाले. मी आजारी होते हे माझी छाती सांगणार. बरी झाले होते हे सांगणारं काहीच उरलेलं नाही.

१६ जानेवारी
खोकला आलाय. साधा. थंडीचा. तरी बाथरूममध्ये नळ सोडून खोकते. आधीच माझा स्वभाव असा की गॅस बंद आहे का ते तीनदा बघणार.
मोबाईलवर वाचते आणि वाचलेलं पुसून टाकते. जुना डाग एक्सरेत जन्मभर दिसतो. कुणाकुणाचा दिसतही नाही. फॉर्मवर खोटं लिहिलेलं सापडलं तर अख्खी फाईल रद्द, आणि पुढची काही वर्षं पुन्हा अर्ज नाही. तिघांनाही. म्हणजे माझ्या एका टिकेमुळे ऋचालाही. ती टिक मी केलेली नाही, पण मी मटार सोलत गप्प बसले होते.

१९ जानेवारी
भुशीच्या रस्त्यावरच्या आमच्या बंगल्यावर गेले. शनिवारी पाहुणे आहेत. तिथलं काम बघणारी कमल अंगणात ब्लँकेटं वाळत घालत होती. बारा वर्षं झाली तिला मागच्या खोलीत राहून. नवरा गेला तेव्हा आली, ती इथलीच झाली. ती पण खोकत होती.
"वहिनी, धुक्यानं घसा धरलाय बगा. तुमाला बी व्हय?"
आलं घालून चहा केला तिने. दोघी पायरीवर बसून खोकलो. तेवढा अर्धा तास भीती वाटली नाही.

२२ जाने.
कॅनडाचं काम बघणाऱ्या पुण्याच्या सल्लागाराचा फोन, स्पीकरवर. "मेडिकलमध्ये विचारतील ते विचारतील. सगळीकडे नाही म्हणायचं. साध्या अ‍ॅलर्जीलासुद्धा हो म्हणू नका, उगाच फाटे फुटतात."
हे म्हणाले, "आमच्या घरात सांगण्यासारखं आहेच काय!"
आज सांगणार होते. पोह्यांची बशी हातात देताना सांगणार होते. दिली बशी. म्हणाले, "लिंबू?" मी लिंबू आणायला गेले.

२९ जाने.
झालं मुंबईचं. एकेकाला आत बोलावतात. डॉक्टर बाई, माझ्याच वयाच्या, शांत. "पूर्वी कधी टीबी? औषधं घेतली होती?"
"नाही."
किती पटकन बोलले. आईनं शिकवलेलं.
मशीनला छाती टेकवली. गार पत्रा. "श्वास आत, धरा." तो मी अजून सोडलेला नाही असं वाटतंय.

१ फेब्रुवारी
फोन आला. ह्यांचा आणि ऋचाचा एक्सरे स्वच्छ. माझ्या उजव्या बाजूला, वर, डाग. तीन दिवस सकाळी थुंकी तपासायला द्यायची, मग कल्चर लावणार, म्हणजे त्यात जंतू वाढतात का बघणार, त्याला आठ आठवडे लागतात.
हे भडकले. माझ्यावर नाही, त्यांच्यावर. "मशीन बिघडलंय त्यांचं. माझ्या बायकोला असलं काही नाही. बावीस वर्षं बघतोय मी तिला."
माझी बाजू घेऊन ते भांडत होते आणि मी पदराला हात पुसत उभी. यांनी त्या क्षणी मला थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं.

६ फेब्रु.
तीन सकाळी झाल्या. दादरला लॉजवर राहिलो, हे बंगल्याची कामं सोडून आले होते. आज शेवटच्या दिवशी हे गाडी काढायला गेले तेव्हा डॉक्टर बाईंना सांगितलं. सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "उपचार पूर्ण केल्याचा कागद?" नाही. "बहुतेक जुनाच डाग आहे, घाबरू नका. पण तुम्ही सांगितलंत ते मला लिहावं लागेल. फॉर्मवर 'नाही' आहे, इथे 'हो' येईल. ते विचारतील." मग म्हणाल्या, "घरी माहितीय?"
मी मान हलवली, नाही म्हणून.
"मग माझ्याआधी तिकडे सांगायला हवं होतंत."
गाडीत हे गाणं गुणगुणत होते. घाट येईपर्यंत सांगते म्हटलं. घाट आला आणि गेला.

१० फेब्रु.
कमलला काढलं.
मी देवळात गेले होते तेवढ्यात. हे बंगल्यावर गेले, ती खोकत होती, आणि ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "ह्या बाईकडूनच लागलंय तुला. चहा काय पितेस तिच्या हातचा, पायरीवर काय बसतेस! पाहुण्यांच्या चादरी धुते ती. उद्या कुणी तक्रार केली तर?" दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला आणि भावाकडे शिरगावला पाठवलं. खोली धुवून घेतली फिनेलने.
मी म्हटलं, तिच्याकडून नसेल. म्हणाले, "मग कुणाकडून?"
प्रश्न सरळ होता. उत्तरही दोनच शब्दांचं. मी म्हटलं, काय माहीत.
मी मेले का नाही तेव्हाच.

११ फेब्रु.
जेवण गेलं नाही. ऋचा आठवड्याभरात दुसऱ्यांदा म्हणाली, आई तू वजन बघ. ह्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आता तेही भितायत. माझ्यासाठी!

१७ फेब्रु.
वडगावच्या बाजारात कमल दिसली. मी लपणार होते, ती आधीच समोर. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला, चार घड्या घातलेला.
"हे बगा वहिनी. सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून आले. मला काय बी न्हाई. शिक्का हाय बगा."
"मला माहितीय गं."
"तुमाला माहितीय, पर दादांनी भावाला फोन करून सांगितलं. आता भावजय माजं ताट येगळं ठिवती. तिला चारदा दावला कागद. शेजारच्या बायांना बी दावला." मग कागद पुन्हा तशाच घड्या घालून पिशवीत ठेवला. "दादांना दावा म्हनलं असतं, पर झेरॉक्स न्हाई काढली."
माझा कागद मावशीने लपवायला जाळला, आणि ही हिचा गावभर दाखवत हिंडतेय. माझ्यामुळे.

१८ फेब्रु.
सांगितलं. सकाळी, ऋचा कॉलेजला गेल्यावर. हे दाढी करत होते. आरशातच सांगितलं, तोंडाकडे बघून जमलं नसतं. आधी कमलचं, मग माझं, मग मावशीचं नि चुलीचं.
अर्धी दाढी तशीच. वळले नाहीत. नळ बंद केला. म्हणाले, "आईला माहीत होतं? माझ्या?"
"नाही."
"तुझ्या आईला?"
"तिनेच सांगितलं होतं बोलू नको."
टॉवेल घेऊन बाहेर गेले. गालाला साबण लागलेलाच.

१९ ते २५
बोलणं नाही. म्हणजे बोलतात: मीठ कमी आहे, ऋचाची फी भरली. नकाशा भिंतीवर आहे. मी रोज बघते टाचणी आहे का. आहे.
म्हटलं, कमलला परत आणू या. म्हणाले, "काय तोंड दाखवू त्या बाईला?" हे मात्र माझ्याकडे बघून.

६ मार्च
पत्र आलं. फॉर्मवर नाही, डॉक्टरांकडे हो, असं का, खुलासा करा. तीस दिवस. कल्चर अजून आलेलं नाही.
सल्लागाराने तयार मसुदाच पाठवला. "लहान होते, आजाराचं नाव घरच्यांनी सांगितलं नव्हतं, आत्ता मावशीकडून कळलं." फक्त सही करायची. फोनवर म्हणाला, "वहिनी, हे चालून जातं. खरं लिहिलंत तर गॅरंटी नाही."
मला नाव माहीत होतं. मी सतरा वर्षांची होते, बारावी सायन्सला.

२ एप्रिल
कल्चर स्वच्छ आलं. जंतू नाहीत. मी बरी आहे, जशी सव्वीस वर्षं आहे. बातमी ऋचाने दिली, आणि तिने मला घट्ट धरलं तेव्हा ह्यांनी तोंड फिरवलं.
खुलासा परवा दुपारपर्यंत सल्लागाराकडे पोचायला हवा.

३ एप्रिल
माझा कागद मी मराठीत लिहिला, भाषांतर ते करतील. दीड पान. सल्लागाराचा मसुदा शेजारी ठेवला, दोन्हीवर सही केली. म्हटलं, तुमचं आयुष्य पण यात आहे, ऋचाचं पण, तुम्ही ठरवा कुठला द्यायचा. हे माझं शहाणपण की भित्रेपणा, मला ठरवता येत नाही. भित्रेपणाच असणार.
हे जेवणाच्या टेबलाशी बसून वाचत होते. एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, कळलं असतं तर लग्न झालं नसतं.
"हे तू खात्रीने लिहिलंयस?"
"हो."
रस्त्यावरून टेम्पो गेला एक, भोंगा वाजवत.
"खरंय," म्हणाले. "नसतंच केलं."
मी वाट बघत होते, पुढे काहीतरी म्हणतील. पण, तरी, असं काहीतरी. ते आलंच नाही. दोन्ही कागद घडी करून खिशात घातले, किल्ली घेतली. दारात चपला घालताना विचारलं, "शिरगावात तिच्या भावाचं घर कुठे आहे?"
"देवळाच्या मागच्या आळीत. का?"
गाडी काढली. गॅलरीतून बघितलं, हायवेला लागून तळेगावच्या बाजूला वळली.
सल्लागाराचं ऑफिस पुण्यात. शिरगावही त्याच वाटेवर. इथून दोन्हीकडे जायला रस्ता एकच आहे.